तुमचा आवाज दोन

संपादकबाईंचा निरोप आला, "जपानमधल्या तुमच्या नोकरीबद्दल लिहा, पण साकुरा, बुलेट ट्रेन आणि जपान्यांचा वक्तशीरपणा नको. ते दर वर्षी येतं." मला हायसं वाटलं. साकुराच्या दिवसांत मी बहुतेक एखाद्या डंपरच्या टपावर पालथी पडलेली असते, आणि आमची गिऱ्हाइकं वक्तशीर असती तर इतक्या वर्षांत माझं जेवण एकदा तरी गरम असताना झालं असतं.

मी तोक्योला लागून असलेल्या उरायासुमध्ये, पोलादाच्या गोदामांच्या भागात, एका डेन्सोयात काम करते. डेन्सोया म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. बॅटरी, दिवे, हॉर्न ही कामं सगळेच करतात. आमची खासियत म्हणजे ट्रकवरचे बिनतारी सेट आणि त्यांच्या अँटेना. दुकानाचे मालक ओगावा-सान. सत्तरीचे, हडकुळे, आणि इतके नम्र की स्क्रू आवळताना त्याचीही माफी मागत असावेत. दुकानात मी एकटी बाई आणि एकटीच भांडणारी.

इथे कशी आले ते थोडक्यात सांगते. नवऱ्याची, शरदची, बदली त्याच्या ट्रेडिंग कंपनीने तोक्योला केली आणि मी "स्पाउस" झाले. ठाण्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वायरलेस सेट दुरुस्तीच्या वर्कशॉपात चांगली टिकले होते. तोक्योच्या निशी-कसाई भागात येऊन पोळ्या लाटणं आणि कचऱ्याचं वर्गीकरण करणं एवढंच उरलं. मग कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम धरलं. तिथे एका आजोबांनी उकळत ठेवलेल्या मुळ्याच्या फोडींकडे बोट दाखवून विचारलं, "छान आहे का?" मी म्हटलं, "सकाळपासून शिजतंय, मी तर नसतं घेतलं." मॅनेजरने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मेधा-सान, तुमच्यासारख्या गुणी माणसाला आमचं दुकान फार लहान पडतं." मला वाटलं बढती मिळतेय. शरदने घरी अर्थ समजावून सांगितला.

दोन हजार अकराच्या मार्चात भूकंप झाला. उरायासुची जमीन पेजेसारखी झाली, गटारांची झाकणं माणसाच्या उंचीएवढी वर आली. आमच्या निशी-कसाईतली निम्मी भारतीय वस्ती आठवड्याभरात विमानात बसली. परत आल्यावर प्रत्येकाकडे एक कारण होतं, आणि ते कोणी न विचारता सांगितलं जायचं. आम्ही राहिलो, यात शौर्य काही नव्हतं, शरदला तिकीट मिळालं नव्हतं. ओगावा-सानचा मदतनीस मात्र कायमचा उत्तरेकडे आपल्या गावी गेला, त्याच्या घरच्यांना त्याची गरज होती. दुकानाच्या काचेवर "माणूस हवा" अशी चिठ्ठी लागली आणि मी आत शिरले. ओगावा-सानना "नाही" म्हणता येत नाही. माझी नेमणूक अशी झाली.

आता धंद्याबद्दल. अमेरिकन सिनेमात ट्रकवाले ज्यावर गप्पा मारतात तो बिनतारी सेट म्हणजे सीबी. जपानात सीबीला गाडीवर लांब अँटेना लावून जोर वाढवायला कायद्याने मनाई आहे. जुने ड्रायव्हर ते चोरून करत आणि त्याच्या आठवणी तरुणपणीच्या प्रेमप्रकरणासारख्या सांगत. आम्ही सरकारकडे नोंदवलेले डिजिटल सेट बसवायचो. पण अँटेना ती अँटेना, तिचे नखरे सगळीकडे सारखेच.

सेटमधून निघालेली शक्ती अँटेनातून हवेत गेली पाहिजे. अँटेनाची लांबी किंवा बसवण्याची जागा चुकली की ती शक्ती जात नाही, उलट्या पावली परत येते, शेजारी पाठवलेला फराळाचा डबा न उघडता परत यावा तशी. अशा अँटेनाला ऐकूही कमीच येतं. किती परत आली ते मीटर दाखवतं. मग बुडाशी असलेला इवलासा स्क्रू सैल करायचा, दांडी जराशी वर किंवा खाली सरकवायची, स्क्रू आवळायचा, पुन्हा मीटर बघायचं. आणि एक गोष्ट कुणालाच पटत नाही: अँटेना म्हणजे फक्त दांडी नव्हे. गाडीचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग. दांडीचं बूड पत्र्याला उघड्या धातूने टेकलं पाहिजे, म्हणजे तिथला रंग खरवडावा लागतो. ट्रकवाल्याला त्याच्या गाडीचा रंग खरवडू का असं विचारून बघा. बायकोचं मंगळसूत्र मागितल्यासारखा चेहरा करतो.

आपल्या लोकांनाही माझ्या या नोकरीचा पत्ता लागला. तोयोसुला ऑफिस असलेले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक देशपांडे साहेब एका रविवारी घरी आले. सोबत पत्नी आणि खोकं. भूकंपाच्या दिवशी फोन बंद पडले, तेव्हा साहेबांनी परदेशातून दोन सीबी सेट मागवले होते, एक गाडीत, एक घरी.

"वहिनी, जरा ट्यून करून द्या. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "साहेब, हे इथे बेकायदेशीर आहे."

"अहो, कोण बघतंय?"

"बघत नाहीत, ऐकतात. त्यासाठीच एक सरकारी खातं आहे."

साहेबांनी शरदकडे पाहिलं, जणू तो हे खातं बंद करू शकणार होता. तेवढ्यात चहाचा कप खाली ठेवत देशपांडे साहेबांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "नाही म्हणतायत ना त्या, राहू दे. फोन बंद होते तेवढे तास घरात शांतता होती. पुन्हा कधी मिळायची?" साहेबांनी खोकं उचललं आणि जाताना शरदला दारात म्हणाले, "वहिनींना सांगा, जरा गोड बोलत जा म्हणावं." शरदने मला सांगितलं नाही. मी दाराच्या आतच उभी होते.

गोड बोलण्याचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्यावर येते. बिनतारीवर आवाज किती स्पष्ट येतो याला इथे एक ते पाच गुण देतात, आणि त्याला "मेरिट" म्हणतात. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे खणखणीत. सेट बसवला की ड्रायव्हर दूर जाऊन विचारतो, "माझा आवाज कसा येतोय?" समोरचा उत्तर देतो, "मेरिट फाइव्ह." नेहमी फाइव्ह. आवाज तुटत असो, खरखरत असो, समोरच्याला फक्त "आवाज" एवढंच कळलं असो, फाइव्ह. कमी गुण देणं म्हणजे त्याच्या गाडीला, हाताला आणि खानदानाला नावं ठेवणं. आपल्याकडे फोनवर आवाज नाही आला तर माणूस गच्चीवर जाऊन "हॅलो, अरे काही ऐकू येत नाहीये" असं सगळ्या सोसायटीला सांगतो. मी त्या परंपरेतली.

कुरोदा-सान आमच्याकडे आला तो भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी. पन्नाशीचा, बुटका, भुवया कोरलेला माणूस. त्याचा डंपर जांभळा होता. नुसता जांभळा नाही, दोन्ही बाजूंना झेप घेणारे मासे, पुढे चकचकीत स्टीलचा मुकुट, आणि कडेकडेने रंगीत दिव्यांच्या माळा. लग्नाचा मांडव सुटून रस्त्याला लागावा असा. दोन्ही आरशांवर दोन लखलखीत अँटेना, हुबेहूब सारख्या.

"बिघाड काही नाही," तो म्हणाला. "आमचे म्होरके सुगावारा-सान म्हणाले, सेट जरा दमल्यासारखा वाटतो, सवड मिळेल तेव्हा दाखवून घ्या. म्हणून आलो."

ओगावा-सानच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मला ते मागच्या खोलीत घेऊन गेले. "हे वाईट आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सुगावारा-सान इतकं स्पष्ट बोलले म्हणजे त्याला काढायचं ठरलंय."

प्रकरण असं होतं. कुरोदा-सानची टोळी उत्तरेला, त्सुनामीने मोडलेल्या गावांतला ढिगारा उचलत होती. तिकडची दुकानं वाहून गेल्यामुळे काही गाड्या सेट दाखवायला थेट आमच्यापर्यंत येत. समुद्राच्या अगदी कडेला काम चाले, आणि छोटे धक्के चालूच होते. टेकडीवर एक माणूस नजर ठेवून बसे. धक्का बसला की तो बिनतारीवर सांगणार आणि सगळ्या गाड्यांनी एकाच अरुंद रस्त्याने वर निघायचं. ज्या गाडीला ऐकू येत नाही ती स्वतः तर अडकेलच, वर मागच्यांचा रस्ताही अडवेल. त्यामुळे बहिरी गाडी किनाऱ्यावर नको हा नियम. कुरोदा-सानला तीन हाकांपैकी एक कळायची. त्याला अलीकडे आतल्या रस्त्यावरची, ढिगारा साठवायच्या गोदामापासून तो जाळायच्या भट्टीपर्यंतची कामं मिळू लागली होती. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं की सगळे म्हणत, "मेरिट फाइव्ह."

मी त्याला विचारलं, "आतलं काम बरं की. सपाट रस्ता, भाडं तेच. किनारा कशाला हवा?"

तो आरशावरच्या अँटेनाकडे बघत म्हणाला, "किनाऱ्यावर माझं घर आहे. म्हणजे, पडलंय. अजून त्या गल्लीचा नंबर लागायचाय."

"घरात कोणी होतं?"

"आई. सापडली, पण फार उशिरा." मग म्हणाला, "घर दुसऱ्या कुणी उचलून फेकू नये असं वाटतं."

मला त्याच्या माशांची आणि मुकुटाची जी थट्टा सुचत होती ती मी आवरली. वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, एवढी साधी गोष्ट, आणि सगळे त्याला खरं सोडून बाकी सगळं सांगत होते.

चाचणी घेतली. कुरोदा-सान डंपर घेऊन नदीच्या बांधाकडे गेला. मी आणि ओगावा-सान दुकानातल्या सेटपाशी. थोड्या वेळाने आवाज आला. डिजिटल सेटचा आवाज कमजोर झाला की खरखरत नाही, त्याचे तुकडे पडतात आणि पाण्यातल्या बेडकासारखा येतो. त्या बेडकाने काहीतरी विचारलं. ओगावा-साननी सवयीने माइक उचलला आणि म्हणाले, "मेरिट फाइव्ह."

मी त्यांच्या हातातून माइक घेतला. "कुरोदा-सान, तुमचा आवाज दोन."

ओगावा-सान स्टुलावर बसले. ते म्हणाले, "मेधा-सान, असं कुणी सांगत नाही."

"म्हणूनच तो असा बेडूक झालाय," मी म्हटलं.

डंपर परत आला. कुरोदा-सान खाली उतरला, कान लाल. "दोन?" त्याने विचारलं.

"दोन. तोही हात सैल सोडून दिलाय."

"इतक्या वर्षांत मला पाचच्या खाली कुणी दिलेलं नाही."

"मला माहितेय. म्हणून तुम्ही आतल्या रस्त्यावर आहात."

मला वाटलं, आता हा गाडी घेऊन निघून जाणार आणि मला ओगावा-सान सांगणार की मी फार गुणी आहे. पण तो वळला, केबिनमधून शिडी काढली आणि स्वतःच आरशाला टेकवून ठेवली.

मी वर चढून मीटर लावलं. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला. म्हणजे डबा अख्खाच्या अख्खा परत. मी अँटेनाला हात लावला आणि मला शंका आली. पोकळ होती, हलकी, खाली ना स्क्रू ना काही. "ही अँटेना कुठे घेतली?"

"सजावटीच्या दुकानात," तो अभिमानाने म्हणाला.

"आणि सेटबरोबर आलेली काळी अँटेना?"

ती अवजारांच्या पेटीत होती, टॉवेलात नीट गुंडाळलेली. एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला चकचकीत, हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून दोन्हीकडे शोभेच्या दांड्या लावल्या आणि त्यातल्या एकीला सेटची केबल जोडली. आणि खरी अँटेना खराब होऊ नये म्हणून जपून ठेवली. आपल्याकडे सोफ्याचं प्लास्टिक न काढणारी मंडळी असतात, त्यामुळे मला ते तर्कशास्त्र अगदीच परकं वाटलं नाही.

काम संध्याकाळपर्यंत चाललं, कारण प्रत्येक पायरीवर वाटाघाट. काळी अँटेना मुकुटापासून लांब हवी, म्हणून आरशावर न लावता टपाच्या कडेला बसवायची ठरली. तिथला जांभळा रंग खरवडायला मी कानस काढली तेव्हा कुरोदा-सान दुकानामागे जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. बाजूच्या दिव्यांच्या माळा स्वस्तातल्या होत्या, त्या चालू झाल्या की सेट आणखी बहिरा होई. मी म्हटलं, काम चालू असताना माळा बंद. तो म्हणाला, निम्म्या चालू. मी म्हटलं, एकही नाही. डावीकडची शोभेची दांडी निरुपद्रवी होती, ती राहू द्या म्हटलं, तर तोच म्हणाला, "एका कानात डूल आणि दुसऱ्या कानात खिळा? काढा तीही." ती मात्र त्याने टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवली.

तो पुन्हा बांधाकडे गेला, या वेळी आणखी लांब.

"माझा आवाज कसा येतोय?"

"चार," मी म्हटलं.

"चार का?"

"परत या. स्क्रू जरा सरकवते."

दांडी तांदळाच्या दाण्याएवढी खाली घेतली, स्क्रू आवळला. काटा शहाण्यासारखा डावीकडे पडून राहिला. तो तिसऱ्यांदा गेला. आवाज आला तो असा की शेजारच्या खोलीत उभा आहे. त्यात गाडीच्या वायपरचा आवाजसुद्धा होता.

"पाच," मी म्हटलं.

"खरा पाच?"

"खरा."

त्याने त्यावर काहीतरी म्हटलं ते कळलं नाही, पण तो दोष अँटेनाचा नव्हता, बहुधा नाक शिंकरत होता. दुसऱ्या दिवशी तो उत्तरेला गेला. ओगावा-साननी मला कामावरून काढलं नाही. फक्त चाचणीच्या वेळी ते तेव्हापासून चहा करायला जाऊ लागले.

पुढच्या वसंतात एक करडा, साधा डंपर दारात उभा राहिला. त्यातून उंच, डोक्यावर टॉवेल बांधलेला माणूस उतरला आणि म्हणाला, "मी सुगावारा. कुरोदाच्या टोळीचा म्होरक्या. तुम्हीच का त्या दोन देणाऱ्या बाई?"

मी म्हटलं, "हो."

"मग माझाही बघा. लोक मला पाच म्हणतात, आणि आता माझा विश्वास उडालाय."

चाचणी घेतली. ओगावा-सान चहाला गेले. मी सांगितलं, "तीन."

सुगावारा-सान परत येऊन दुकानातल्या खुर्चीत बसले. टोळीतल्या सगळ्यात अनुभवी माणसाला तीन मिळाले होते, पण ते हसत होते. केबलच्या जोडात पाणी गेलं होतं, मी ते कापून नवीन बसवत होते. मी विचारलं, "कुरोदा-सान कसे आहेत?"

"त्याने आमची पंचाईत केली," ते म्हणाले. "आम्हाला सवय झाली होती की त्याला ऐकू येत नाही. चॅनलवर त्याच्या गाडीबद्दल काय काय बोलायचो. तो परत आला त्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, मांडव आला. आणि कुरोदाचा आवाज, आहेराशिवाय कुणी येऊ नका. दिवसभर चॅनलवर कुणी बोलेना."

मग ते जरा गंभीर झाले. कुरोदाच्या गल्लीचा नंबर लागला त्या दिवशीची गोष्ट त्यांनी सांगितली. कुरोदा खेप घेऊन वरच्या गोदामाकडे गेला होता. तो लांब आहे, त्याला कळणार नाही असं समजून सुगावारा-साननी बाकीच्यांना चॅनलवर सांगितलं, "पुढचा ढिगारा कुरोदाच्या घराचा आहे. तो यायच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत भरा. त्याला सांगू नका." सगळ्यांनी "समजलं" म्हटलं. भल्यासाठीच चाललं होतं. सगळं नेहमी भल्यासाठीच चालतं.

"आणि मग त्याचा आवाज आला," सुगावारा-सान म्हणाले. "इतका स्वच्छ, की मी मागे वळून बघितलं. तो म्हणाला, मला ऐकू येतंय. माझं घर माझ्या गाडीत भरा."

सगळी यंत्रं थांबली. जांभळा डंपर उतारावरून खाली आला, दिवे सगळे बंद, आणि त्या ढिगाऱ्यापाशी उलटा लागला. एरवी यंत्राचा पंजा वरूनच ओततो. त्या दिवशी यंत्रवाल्याने पंजा पार गाडीच्या तळापर्यंत नेऊन हळूच उघडला, प्रत्येक वेळी. भरून झालं, ताडपत्री बांधली, आणि कुरोदा निघाला.

"रस्ताभर तो गप्प होता," सुगावारा-सान म्हणाले. "मी त्याच्या मागच्या गाडीत. गोदामाचं फाटक दिसायला लागलं तेव्हा तो चॅनलवर आला. विचारलं, माझा आवाज कसा येतोय? आणि मेधा-सान, मला एक शब्द धड कळत नव्हता. अँटेना ठीक होती. तो रडत होता."

मी पक्कड खाली ठेवली.

"मी पाच म्हणालो," ते म्हणाले. "सवयीने नाही. तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणतोय. तुम्ही असता तर किती सांगितलं असतं?"

ओगावा-सान चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले होते. दोघेही माझ्याकडे बघत होते, एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्याकडून उत्तर हवं असल्यासारखे.

"पाच," मी म्हटलं.